रस्ता कमी पडला होता का?

२०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. पुण्याच्या एका उपनगरात माझ्या सायकलचा धक्का लागून एक बाई पडल्या. सायकल माझ्या मालकीची नव्हती. मोबाइलवर कुलूप उघडायचे, अर्ध्या तासाला एक रुपया द्यायचा आणि काम झाले की रस्त्याच्या कडेला लावून निघून जायचे, अशा त्या वेळी जागोजाग उभ्या असलेल्या भडक रंगाच्या सायकलींपैकी ती एक होती. मुलाने मोबाइलमध्ये ते अ‍ॅप घालून दिले होते आणि तीसेक वर्षांनी पुन्हा सायकलवर बसल्याच्या आनंदात मी रोज काही ना काही निमित्त काढून बाहेर पडत होतो. बाई पडल्या तेव्हा मी रस्त्यावरही नव्हतो. मी फूटपाथवर होतो.

त्या सकाळी बँकेत निघालो होतो. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. निम्मे अंतर रस्त्याच्या कडेने गेलो. डाव्या हाताला उभ्या मोटारींची रांग, उजवीकडे पाण्याचा टँकर आणि मागे बस. बसचालक बिचारा हॉर्न वाजवत होता, कारण त्याला थांब्यावर लागायचे होते आणि मी त्याच्या आणि थांब्याच्या मध्ये होतो. एवढ्यात उभ्या मोटारीचे एक दार उघडले. मी कसाबसा वाचलो, आणि पुढच्याच कोपऱ्यावर फूटपाथला केलेला उतार दिसला तो चढून वर गेलो. फूटपाथ नुकताच नव्याने बांधलेला, चांगला रुंद होता. पहिली शंभर-दीडशे पावले स्वर्गसुख म्हणावे असे वाटले. मग औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून त्या खाली उतरल्या. मी घंटी वाजवली, ब्रेक दाबले, पण हँडलचे टोक त्यांच्या पिशवीच्या बंदात अडकले आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडले. वय वर्षे बहात्तर.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मी बाहेर बाकावर बसून होतो. सूनबाई आल्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, हे अधिक अवघड होते. बिल भरले, दहा वेळा माफी मागितली. काकूंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग खरोखरच उत्तर हवे असल्यासारखे विचारले, ‘‘अहो, एवढा मोठा रस्ता समोर पडलाय. तुम्हाला रस्ता कमी पडला होता का?’’

मला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर ‘हो’ असे होते. पण ज्यांचे मनगट आपण मोडले त्यांच्यासमोर हे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे भान मला होते. तो प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्याबरोबर आहे, आणि सायकल या विषयावर जे जे ऐकतो, वाचतो, ते त्याच प्रश्नाशी येऊन थांबते.

वास्तविक भाड्याच्या सायकलीचे पुण्याला काय अप्रूप! आमच्या लहानपणी प्रत्येक पेठेत तासाने सायकल देणारे एखादे तरी दुकान असे. मडगार्डवर रंगाने घातलेला नंबर, दुकानदाराच्या वहीत नाव आणि वेळ, परत येताना पंक्चर झालेली असेल तर त्याचे वेगळे पैसे. ओळख नसेल तर ‘‘कोणाचा रे तू?’’ हा प्रश्न ठरलेला. वडिलांचे नाव सांगितले की तेच तारण. मधल्या त्रिकोणातून पाय घालून, अर्धे पायडल मारत मी अशाच एका सायकलीवर शिकलो. चोरीचा प्रश्न त्या दुकानदाराने असा ओळखीवर सोडवला होता. पण त्याला दुसरा एक प्रश्न कधी पडलाच नाही, तो म्हणजे ही सायकल चालवायची कुठे. रस्ता सायकलींनीच भरलेला असे. खडकीच्या कारखान्यात पाळीवर जाणारे आणि पिंपरीकडे जाणारे कामगार सकाळी सायकलींवरून निघाले की रस्ता त्यांचा असे. पोलीस सायकलवाल्याला पकडत ते डबलसीटसाठी किंवा दिवा नाही म्हणून, म्हणजे वाहन म्हणूनच. त्या काळी कुणी सायकल घेऊन फूटपाथवर चढला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते, कारण वर चढण्याचे कारणच नव्हते.

पुढे काय झाले ते आपण सगळ्यांनी मिळूनच केले. १९७२ मध्ये लुना आली, आकुर्डीच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणारी माणसे हळूहळू स्कूटरवर बसली, मग मोटारसायकल, मग मोटार. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या याच गावाच्या परिसरात दुचाक्यांचे कारखाने निघावेत आणि त्या दुचाक्यांनीच सायकल रस्त्याबाहेर ढकलावी, यात कुणाचा कट नव्हता. मीही १९८८ मध्ये सायकल विकून स्कूटर घेतली आणि पेढे वाटले. २०१८ मध्ये शहरातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे, म्हणजे माणसांच्याही पुढे, गेल्याच्या बातम्या छापून आल्या. त्याच वर्षी, त्याच रस्त्यांवर, आपण भाड्याच्या सायकली आणून उभ्या केल्या.

सार्वजनिक सायकलीची कल्पना जुनी आणि मूळची बंडखोरांची. १९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेवून दिल्या: ज्याला हवी त्याने घ्यावी, पोहोचल्यावर सोडून द्यावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण? कुलूप न लावता सायकल सोडणे कायद्याविरुद्ध होते! पुढे १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे घालून सुटणारी सायकल आणली. पण जगभर साथ पसरावी तशी ही योजना पसरली ती पॅरिसच्या ‘व्हेलिब’पासून. १५ जुलै २००७ रोजी पॅरिसमध्ये सुमारे दहा हजार सायकली एकदम उपलब्ध झाल्या. पहिला अर्धा तास फुकट. खर्च केला जाहिरात फलकांच्या एका मोठ्या कंपनीने, आणि बदल्यात नगरपालिकेने तिला शहरातले सोळाशेच्या आसपास फलक दिले. पहिल्या दोन-तीन वर्षांतच हजारो सायकली चोरीला गेल्या, मोडल्या, काही सीन नदीतून बाहेर काढाव्या लागल्या.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण आपल्याकडे या योजनेच्या अपयशाची मीमांसा एका वाक्यात होते: ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ डिसेंबर २०१७ मध्ये औंध आणि विद्यापीठाच्या आवारात पहिल्या सायकली आल्या, त्यामागोमाग २०१८ मध्ये ओफो आणि मोबाइक या चिनी कंपन्या पिवळ्या आणि नारिंगी सायकली घेऊन आल्या. काही महिन्यांत कुलपे तुटलेल्या, सीट नसलेल्या, नदीपात्रात पडलेल्या सायकलींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली. आम्ही सर्वांनी माना हलवल्या. पण पॅरिसचा सायकलचोर आणि पुण्याचा सायकलचोर यांत फारसा फरक नाही. पॅरिसची योजना चोऱ्या पचवून टिकली, आपली वर्ष-दोन वर्षांत आटोपली; फरक तिथे आहे आणि त्याचे कारण चोर नव्हेत.

कंपन्यांची बाजूही पाहिली पाहिजे. या सायकलींना पॅरिससारखे ठरलेले खांब नव्हते, कुठेही लावा अशी सोय होती. चीनमध्ये याच पद्धतीने इतक्या सायकली रस्त्यांवर ओतल्या गेल्या की त्यांचे डोंगर साचले. २०१७ च्या अखेरीला तिथली ब्लूगोगो बुडाली आणि डिसेंबर २०१८ मध्ये अनामत रक्कम परत मिळावी म्हणून ओफोच्या बीजिंगमधल्या कचेरीबाहेर लोकांच्या रांगा लागल्या. तिथले भांडवल आटल्यावर इथला पसारा आवरला जाणे ओघानेच आले. ओफोने २०१८ मध्येच भारतातून काढता पाय घेतला. म्हणजे आपल्या शहराने जिला ‘सार्वजनिक’ म्हटले, ती सेवा दुसऱ्याच देशातल्या गुंतवणूकदारांच्या जुगाराची एक चाल होती. नंतर ज्या विजेवरच्या छोट्या गाड्या आल्या, त्यांना तर पायडलही नव्हते.

तरीही मला वाटते, कंपन्या टिकल्या असत्या तरी योजना टिकली नसती. सायकल एक रुपयात मिळेल, पण ती चालवायला रस्ता मिळत नसेल तर माणूस चार दिवस हौसेने चालवतो, पाचव्या दिवशी घाबरतो आणि सहाव्या दिवशी एक तर घरी बसतो किंवा फूटपाथवर चढतो. मी चढलो.

आता कुणी म्हणेल, पुण्यात सायकल मार्ग आहेत की! आहेत. २००६ च्या अखेरीला कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बसचा जलद मार्ग सुरू झाला तेव्हा त्याच्या बरोबरीने सायकल मार्गही आखले गेले. केंद्राच्या नागरी वाहतूक धोरणात त्याच वर्षी ‘वाहने नव्हे, माणसे हलवा’ असे तत्त्व आले होते, नेहरू योजनेचा पैसा होता. २०१७ मध्ये तर महापालिकेच्या मुख्य सभेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांचा सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. कागदावर या शहराइतका सायकलप्रेमी गाव देशात शोधून सापडणार नाही.

पण असलेल्या मार्गावरून एकदा जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी तो रस्त्यावर नाहीच, फूटपाथच्या अंगावर आहे. म्हणजे फूटपाथचाच एक पट्टा वेगळ्या रंगाच्या फरश्यांनी मढवून त्याला सायकल मार्ग म्हटलेले. त्यावर विजेचा डीपी, झाडाचे आळे, बसथांब्याचे छत, चहाची टपरी आणि पुढे एखाद्या सोसायटीचे फाटक, जिथे मार्ग एकदम खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. चौक आला की तो अदृश्य होतो. जिथे खरा धोका आहे नेमके तिथे त्याचे काम संपते. शिवाय दोन्ही टोकांना दुचाक्या वर चढू नयेत म्हणून खांब रोवलेले, त्यातून सायकलही धड जात नाही. आणि चालणारी माणसे? त्यांना त्या रंगीत फरश्यांचे काय? ती चालणारच. फूटपाथ त्यांचाच होता.

गोम इथे आहे. सायकलला जागा द्यायची तर ती कुणाकडून घ्यायची, या प्रश्नाला आपण प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले: चालणाऱ्याकडून. कारण तो तक्रार करत नाही. मोटारींसाठी असलेला डांबरी भाग तसूभरही कमी न करता सायकल मार्ग करण्याची ही युक्ती आहे. मग रस्त्यावरचे दोन सर्वांत दुबळे जीव, पायी चालणारी बहात्तर वर्षांची बाई आणि सायकलवरचा अठ्ठावन्न वर्षांचा मी, सहा फुटांच्या पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर येतात, आणि शेजारच्या साठ फुटांत कुणाला धक्काही लागत नाही.

फूटपाथवर सायकल चालवावी की नाही, हा वाद आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये १८३५ च्या महामार्ग कायद्याने फूटपाथवर गाडी हाकायला बंदी केली आणि १८८८ मध्ये सायकल ही गाडीच आहे असे कायद्यानेच ठरवले. ती बंदी आजही चालू आहे. जपानने उलटे केले. तिथे १९६०च्या दशकात अपघाती मृत्यूंनी इतका हाहाकार उडवला की १९७० मध्ये कायदा बदलून, नेमून दिलेल्या फूटपाथवर सायकलला परवानगी दिली गेली. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही सवलत लोकांच्या अंगवळणी पडली, म्हाताऱ्यांना धक्के बसू लागले आणि २०११ मध्ये तिथल्या पोलीस यंत्रणेला, सायकल हे वाहन आहे, तिने रस्त्यावरूनच जावे, हे नव्याने शिकवायला सुरुवात करावी लागली. मुलांना आणि वृद्धांना सवलत कायम आहे. ते मला मान्य आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला बसच्या पुढे घालावे असे कोण म्हणेल? पण धडधाकट माणसाची कायमची वाट म्हणून फूटपाथ दाखवणे म्हणजे रस्त्याचा प्रश्न सुटल्याचे नाटक करणे.

उपनगरात राहणारे माझे एक स्नेही या बाबतीत माझ्याशी भांडतात. त्यांचे म्हणणे, ‘‘पेठांचं सोडा, आमच्याकडे बाणेर-बालेवाडीला फूटपाथवर माणूस नसतोच. रिकाम्या फूटपाथवरून गेलं तर कुणाचं काय बिघडलं?’’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. मीही काही दिवस तो मानत होतो. पण उपनगरातला फूटपाथ म्हणजे सोसायट्यांच्या फाटकांची माळ असते. तळघरातल्या पार्किंगमधून मोटार चढावर वेगाने वर येते. चालकाची नजर उजवीकडे, येणाऱ्या वाहनांवर. फूटपाथवरून कुणी आले तर ते चालण्याच्या वेगाने येईल हा त्याचा हिशेब. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटरने येतो, सायकल पंधराने. भिंतीआडून ती अचानक पुढ्यात उगवते. मोटारींची जी भीती वाटून आपण वर चढलो, तीच मोटार इथे दर पन्नास पावलांवर आडवी येते. रस्त्याच्या कडेने जाणारा सायकलस्वार निदान मागच्याला दिसत तरी असतो.

आणि एक राहिले. आपल्याकडे सायकलला वर जाण्याची वाट मोकळी केली की तिच्यामागून कोण येणार हे सांगायला ज्योतिषी नको. मोटार वाहनाने फूटपाथवर जाता कामा नये, असा नियम निदान १९८९ पासून लेखी आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगे फूटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमाखालचा हक्क असल्याचेही सांगितले. संध्याकाळी साडेसहाला सिग्नलपाशी उभे राहून हा हक्क पाहावा. सायकलसाठी केलेल्या उतारावरून स्कूटर आणि मोटारसायकली ओळीने वर येत असतात, आणि चालणाऱ्यालाच हॉर्न देत असतात.

मग जागा आणायची कुठून? स्पेनमधल्या सेव्हिल या गावाचे उदाहरण मला फार आवडते, कारण तिथले ऊन आपल्याला लाजवील असे आहे. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो. ‘आपल्या हवेत सायकल कोण चालवणार’ हे वाक्य तिथेही बोलले गेले असणार. तिथे सायकलने जाणाऱ्यांचे प्रमाण नगण्य होते. २००६ नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांनी सुमारे ८० किलोमीटरचे अखंड, एकमेकांना जोडलेले सायकल मार्ग बांधले, आणि सार्वजनिक सायकली आणल्या त्या २००७ मध्ये, या कामाच्या जोडीने. सायकलफेऱ्या काही पटींनी वाढल्या. आता गंमत पाहा: तिथले बरेचसे मार्ग फूटपाथच्याच उंचीवर आहेत. म्हणजे दिसायला आपल्यासारखेच. पण त्यांची जागा मुख्यतः मोटारी उभ्या करायच्या पट्ट्यातून घेतलेली आहे. चालणाऱ्याची फरशी सहसा चालणाऱ्याकडेच राहिली.

आपल्याकडेही हिशेब सोपा आहे. कडेला लावलेली मोटार दोन-अडीच मीटर रुंदी अडवते, आणि एका दिशेच्या सायकल मार्गाला दोन मीटर पुरतात. पार्किंगची एक रांग हलवली की मार्ग तयार. पण २०१८ मध्ये पुणे महापालिकेत पार्किंगला पैसे आकारण्याचे धोरण आले, तेव्हा सर्वपक्षीय गदारोळ होऊन ते पाच रस्त्यांपुरते आखडले गेले. रस्त्यावर फुकट मोटार लावणे हा आपल्याला जन्मसिद्ध हक्क वाटतो. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एकत्र आले, आणि आम्ही मोटारवाले (हो, माझ्याकडेही एक आहे, आणि ती तेव्हा रस्त्यावरच उभी असे) मनातून सुखावलो. त्याच वर्षी एक रुपयाची सायकल आली म्हणून टाळ्या वाजवणारेही आम्हीच होतो.

पुन्हा सार्वजनिक सायकलींची योजना येईल तेव्हा किती सायकली, कोणते अ‍ॅप, कोणती कंपनी, हे मी विचारणार नाही. पहिल्या सायकलीच्या आधी कोणत्या रस्त्यावरची किती मोटारींची रांग हलवली, एवढेच विचारेन. त्याचे उत्तर नसेल तर त्या सायकली आणू नयेत. त्या फूटपाथवरच येणार आहेत.

काकूंचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. त्यानंतर मी दोनदा त्यांच्याकडे गेलो. दुसऱ्या खेपेला त्यांनी चहा केला. कप डाव्या हाताने पुढे केला. त्यांचे यजमान तीस वर्षे सायकलवरून खडकीला कामाला जात होते, हे तेव्हा कळले. ‘‘त्यांची सायकल अजून खाली जिन्यात आहे,’’ म्हणाल्या. ‘‘पण मी आता त्या दुकानाकडे चालत नाही जात. रिक्षा करते.’’ घरापासून ते औषधाचे दुकान हाकेच्या अंतरावर आहे.

मी पुढे स्वतःची सायकल घेतली, आणि ती रस्त्यावरून, भीत भीत चालवतो. त्या दुकानाअलीकडे मोटारींची रांग आजही उभी असते आणि बसही मागे येते. तेवढ्या तुकड्यात मी खाली उतरतो आणि सायकल हातात धरून फूटपाथवरून चालत जातो. साधारण चारशे पावले होतात.